डाव्या हाताचा कापूस

यवतमाळहून घाटंजीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना आज पुन्हा कापूस लागलेला दिसला. दरवर्षी याच सुमारास लागतो. जिनिंग मिलकडे निघालेल्या गाड्या अशा ठासून भरलेल्या असतात की कडेच्या फांद्या जाता जाता त्यातला आपला वाटा काढून घेतात. मग काट्याकाट्यावर पांढरे पुंजके. एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं, "लागली वाटते वेचनी," असं कुणालाच उद्देशून नसलेलं वाक्य टाकलं आणि टोपी डोळ्यांवर ओढून ते झोपी गेले. माझी झोप मात्र उडाली. लोकांना मोगऱ्याच्या वासानं माहेर आठवतं. मला बाभळीवरचा कापूस दिसला की हळदीचे डाग पडलेला एक शाळेचा फ्रॉक आठवतो.

तसा माझा आणि कापसाचा घरोबा जुना. मी पिंजाऱ्याची मुलगी. अब्बूंचं यवतमाळात गाद्या-रजयांचं लहानसं दुकान आहे. मी शाळेत होते तेव्हा ते पिंजण खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचे, आणि तारेचा तो टणटण आवाज आला की बाया जुन्या गाद्या अंगणात काढायच्या. थंडी आमच्या घरात यायची ती आधी अब्बूंच्या भुवयांवर. संध्याकाळी ते परत येत तेव्हा भुवया, मिशा, कानांवरचे केस, सगळं पांढरं झालेलं असायचं, आणि एका दिवसात म्हातारा झालेला बाप पाहून आम्ही बहिणी हसून हसून लोळायचो. अम्मी वैतागायची, कारण वरणात कापूस, पाण्याच्या माठात कापूस, तिच्या नमाजाच्या चटईवर कापूस. "तुम्हारे अब्बू घर नहीं आते, आधी दुकान घर आती," असं ती म्हणायची, आणि मग स्वतःच ओढणीच्या टोकानं त्यांच्या भुवया पुसून द्यायची.

आता पिंजायला यंत्र आलं. पिंजण दुकानातल्या भिंतीवर टांगलेली आहे. गिऱ्हाईक नसलं की अब्बू उठतात आणि उगाच एकदा तिची तार छेडून पाहतात.

मी शिकले ते मुलांच्या हातापायांचं शास्त्र. सरकारी मराठीत त्याला व्यवसायोपचार म्हणतात. घाटंजीला बाजाराच्या दिवशी माझी एक खोली उघडते आणि तिच्या दारावर हा शब्द लिहिलेली पाटी आहे. सुरुवातीला ती वाचून एक गृहस्थ आपल्या दहावी झालेल्या पोराला घेऊन आले होते. "याले कोनता बी धंदा शिकवा मॅडम, नुसता घरी बसून राह्यला." मी दोघांना चहा पाजून परत पाठवलं. पण त्यांचं काही फार चुकलं नव्हतं. लहान मुलाचा धंदा तरी काय असतो? जेवायचं, कपडे घालायचे, खेळायचं, दप्तर उघडायचं, पेन्सिल धरायची. ज्या पोरांना हे जड जातं त्यांना ते जमेल असं करून द्यायचं, एवढंच माझं काम. खोलीत आढ्याला टांगलेला टायरचा झोका आहे, कपड्यांचे चिमटे आहेत, मणी आहेत, तुरीच्या डाळीनं भरलेली परात आहे आणि डाळीत लपवलेल्या काचेच्या गोट्या आहेत. बाजाराला आलेल्या बायका दारातून डोकावतात आणि एकमेकींना सांगतात, "ह्या खेळवाल्या मॅडम." मला हे नाव पाटीवरच्यापेक्षा आवडतं.

वेचणीचा हंगाम आला की या खोलीचाही ऋतू बदलतो. पोरं स्वेटर घालून येतात, म्हणजे बटणं आली. पावसाळाभर बटणाचा सराव करून घ्यायचा म्हटलं तर पोरं तोंड फिरवतात, पण सकाळची हुडहुडी भरली की हीच पोरं जीव लावून बटणाशी झटापट करतात. थंडीइतकी चांगली मास्तरीण मी पाहिलेली नाही. आयांच्या लुगड्यांना पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, तो हिरवट, किंचित उग्र वास येत असतो, बोटांची टोकं बोंडांच्या वाळक्या पाकळ्यांनी ओरखडलेली असतात. खोलीत आल्या की त्या भिंतीला टेकून बसतात आणि पोर झोक्यावर असेपर्यंत एक डुलकी काढून घेतात. मी त्यांना उठवत नाही.

अशाच एका हंगामाच्या तोंडावर, पोळा होऊन गेल्यावर, तनू आली. एका बाजूला आई वैशाली, दुसऱ्या बाजूला मोठी माय. मोठी माय म्हणजे तनूच्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. घाटंजीजवळच्याच एका गावात दोन्ही भावांचं एकत्र घर, कापूस, सोयाबीन, तूर, आणि त्या घराचा लगाम मोठी मायच्या हातात. वैशाली बोलायच्या आधी तिच्या तोंडाकडे पाहायची.

तनू तेव्हा दुसरीत होती. जन्मली तेव्हा तिनं रडायला उशीर केला होता आणि त्या उशिराची खूण उजव्या हातावर राहिली. मूठ घट्ट, अंगठा बोटांच्या आत दडलेला, कोपर पोटाशी आवळलेलं. चालताना उजवा पाय थोडा घासायचा. बाकी पोरगी लवंगी मिरची. मी "नाव काय तुझं?" विचारलं तर म्हणाली, "तुमी आधी तुमचं सांगा."

मी माझं सांगितलं. मग तिनं तिचं सांगितलं.

"जेवते कशी?" हा माझा आयांना पहिला प्रश्न असतो. वैशालीनं उत्तर म्हणून आपला उजवा हात पुढे केला. "माह्या हातानं."

"आणि तिचा डावा हात? तो तर चांगला चालतो."

याचं उत्तर मोठी मायनं दिलं. "डाव्या हातानं कोनी जेवते काय, मॅडम? लिहू दे बापा त्या हातानं, खेळू दे, त्याले आमची ना नाही. पन अन्नाले अन् देवाले डावा हात? लेकीची जात हाय. उद्या पंगतीत बसन, लोक हासतीन तिले."

झालं होतं ते असं. उजवा हात घास उचलू शकत नव्हता आणि डाव्याला परवानगी नव्हती. म्हणून एवढी तिखट पोरगी अजून आईच्या हातून जेवत होती.

घरी हे निभत होतं. शाळेत निभत नव्हतं. दुपारी खिचडीची वेळ झाली की वैशाली हातातलं काम टाकून शाळेत जायची, तनूला घेऊन पाण्याच्या टाकीमागे बसायची आणि भरवायची. टाकीमागे, कारण पोरांच्या देखत भरवून घ्यायला तनू तयार नव्हती. वर्गाच्या बाईंनी एकदा प्रेमानं घास पुढे केला तर ती ओठ मिटून बसली आणि संध्याकाळपर्यंत उपाशी राहिली. वेचणी लागली की वैशालीचं जाणंही बंद व्हायचं. फुटलेलं बोंड कुणासाठी थांबत नाही. वारा येतो, अवेळी सर येते, आणि झाडावरचा कापूस मातीत जातो. वेचायला माणसं मिळत नाहीत, घरातली झाडून सगळी माणसं वावरात लागतात. म्हणून आदल्या वर्षी दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा तनू शाळेत नव्हतीच. ती वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या कडुनिंबाच्या सावलीत, दप्तराविना बसून होती.

मोठी माय बाजारात मिरच्या घ्यायला गेली तेव्हा वैशाली हळूच म्हणाली, "मॅडम, यंदा वेचनीत पोरगी शाळेत राह्यली पाह्यजे. तिले शाळा लय आवडते. बाकी हातबीत मंग पाहू."

बहुतेक आईबाप मला "चांगली करून द्या" म्हणतात, आणि त्या चांगलीचं काय करायचं ते मला कळत नाही. वैशालीची मागणी अगदी नीट होती. एक पोरगी, एक थाळी, आणि दिवाळीपर्यंतचा वेळ. मला ती बाई त्याच क्षणी आवडली.

कडक हात सैल करायचा तर त्याला काम द्यावं लागतं. पण शेजारी हुशार डावा हात बसलेला असला की तो सगळं काम हिसकावून घेतो. म्हणून अशा मुलांच्या चांगल्या हाताला खेळताना थोडा वेळ पिशवी घालतात, म्हणजे आळशी हाताला हलावंच लागतं. मी अब्बूंना सांगितलं. त्यांनी रजईच्या उरलेल्या लाल फुलाफुलांच्या कापडाची एक छानशी पिशवी शिवली, मनगटाशी नाडी घातली. शिवण मात्र उलटी, बाहेरच्या बाजूला. मी हसले तर म्हणाले, "बच्ची का हाथ है. सिलाई अंदर चुभेगी." वैशालीला मी नीट समजावलं: रोज भांडी घासायला बसाल तेव्हा घाला, पोरीला खेळायला द्या, भांडी झाली की काढा.

पुढच्या बाजाराला तिघी आल्या तेव्हा तनूच्या डाव्या हातावर ती पिशवी होतीच. घरूनच घालून आणलेली. नाडीला दुहेरी गाठ. पोरीचं तोंड उतरलेलं, नेहमीची वटवट बंद. मोठी माय मात्र खुशीत होती.

"तुमचं औषध आमाले पटलं, मॅडम. डावा हात बांधला ते बेस केलं. सकाळी बांधतो ते निजतानीच सोडतो. जेवतानीबी सोडत नाही. मी तं पयलेपासून म्हनत होती, या हाताची सवय मोडाले पाह्यजे."

मी कपाळावर हात मारला. खरंच मारला, वैशाली दचकली. मी खेळण्यापुरता हात झाकायला दिला होता, आणि त्या घरानं तो आपल्या रीतीप्रमाणे समजून घेतला: शिकलेल्या मॅडमचाही डाव्या हाताला विरोध आहे, घ्या! शाळेत लिहिता येईना, नाकावरची माशी हाकलता येईना, कुणी खोडी काढली तर चापट मारता येईना. तनूनं नाडीचं टोक दातांनी चावून चावून पार झिजवलं होतं. रागानं उजवी मूठ आणखीच आवळली गेली होती. मी गाठ सोडवली तेव्हा तिनं पिशवी उचलली आणि थेट झोक्यापलीकडे भिरकावली. नेम चांगला होता.

मी मोठी मायला समजावत राहिले. खेळात उजव्या हाताला शिकवू, हळूहळू शिकेल. पण पोट शिकण्याची वाट पाहत बसत नाही. जेवायला डावा हात आणि चमचा, आणि उजव्या मुठीनं फक्त थाळी धरायची. असं केलं तर दिवाळीपर्यंत पोरगी आपली आपण जेवेल आणि शाळा सुटणार नाही. तिनं सगळं ऐकलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "खेळाले काय करायचं ते करा. पन अन्नाले डावा हात माह्या घरात नाही चालनार."

मला राग आला. मोठी माय दुष्ट असती तर बरं झालं असतं, राग टिकला असता. पण ती बाई ताप आला की रात्रभर तनूच्या उशाशी बसायची, बाजारातून स्वतःसाठी काही न घेता तिच्यासाठी रिबिनी घ्यायची. आणि मी तरी कोणत्या तोंडानं बोलणार होते? आमच्या घरात हीच रीत. लहानपणी मी डाव्या हातानं समोसा उचलला म्हणून अम्मीनं हातावर चापट मारली होती आणि तो समोसा बहिणीला दिला होता. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी अम्मीलाच विचारलं. अम्मी लसूण सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "जिसका सीधा हाथ चलताच नहीं, वो क्या भूखी मरेगी? अल्लाह ने जो चलता हाथ दिया, उसी से खाएगी." झालं, निकाल लागला. पण घाटंजीला जाऊन मोठी मायला "माझ्या अम्मीची परवानगी आहे" असं सांगण्यात काही अर्थ नव्हता.

मग पुढचे काही बाजार आम्ही नुसतं खेळलो. डाळीतल्या गोट्या, चिमटे, मणी. उजवी मूठ थोडी नरमली, पण पेला धरण्याइतकी नाही. दसरा आला. वैशालीच्या डोळ्यांत तोच प्रश्न. मला स्वतःचाच कंटाळा येऊ लागला होता.

आमंत्रण तनूनंच दिलं. "मॅडम, आमच्या वावरात सीतादही हाय. दहीभात भेटते. या."

ज्यांनी सीतादही पाहिलेली नाही त्यांना सांगायला हवं. आमच्या भागात कापूस फुटला म्हणून कुणी सरळ वेचायला लागत नाही. आधी वावरात पूजा होते. कडेच्या एका चांगल्या पऱ्हाटीखाली दगड मांडायचे, सीतामायच्या नावानं त्यांना हळदीकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, आणि त्या झाडाचा थोडा कापूस वेचून वाहायचा. मग वेचणी लागली. सगळा कारभार बायकांचा. पुरुष असलेच तर बैलगाडीजवळ उभे राहून तंबाखू मळतात. मी पिंजाऱ्याच्या घरातली, माझ्या वाट्याला कापूस नेहमी गाठोड्यातून आलेला. झाडावर फुललेला, दवानं ओला, सकाळच्या कोवळ्या उन्हात डोळ्यांना सहन न होणारा कापूस मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. मी एका झाडापुढे उभीच राहिले. वैशालीला वाटलं मला ऊन लागलं, तिनं पाणी आणून दिलं.

वावरात गावातल्या पाचसहा बायका जमल्या होत्या. प्रत्येकीच्या कमरेला ओटी, म्हणजे वेचलेला कापूस टाकायला बांधलेली कापडाची झोळी. तनूनंही हट्टानं एक छोटी ओटी बांधून घेतली होती. आधी मोठी मायनं पूजा मांडली, मग ती वाकली आणि पहिल्या झाडाला हात घातला. तिचं वेचणं पाहण्यासारखं होतं. दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर, तीन बोटांची चिमूट, एक हलकी ओढ, पाकळ्या झाडावर आणि कापूस मुठीत. तोंडानं बाकीच्यांशी गप्पा चालूच. मी खोलीत पोरांना जी चिमूट शिकवते ती इथे झाडाझाडावर विनापाटी चालू होती.

तनू तिच्या शेजारच्या झाडाशी गेली. मी मुद्दाम लांब राहिले. तिनं फांदी उजव्या कोपरात अडकवली, बोंड उजव्या मुठीनं पोटाशी दाबलं आणि डाव्या हातानं कापूस ओढून काढला. एकदा निसटला. दुसऱ्यांदा अर्धा निघाला. तिसऱ्यांदा सगळा पुंजका तिच्या हातात आला, आणि तो घेऊन ती, पाय घाशीत, सरळ पूजेच्या दगडांकडे निघाली. डाव्या हातात कापूस, आणि तो हात देवापुढे केलेला.

वैशाली धावली. "तनू, त्या हातानं नाही! आन इकडं, मी ठेवतो." तिनं पुंजका काढून घेऊन पोरीच्या उजव्या मुठीत कोंबायचा प्रयत्न केला. मूठ उघडेना. कापूस खाली पडला.

तनू रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं वाकून कापूस उचलला, माती फुंकली, आणि मोठी मायकडे पाहिलं. मोठी माय दोन्ही हात कापसानं भरलेले घेऊन उभी होती.

"मोठी माय," तनू म्हणाली, "तू बी तं दोन्ही हातानं वेचतं. तुह्या डाव्या हाताचा कापूस तू वेगळा ठेवतं काय?"

एक बाई फसकन हसली. मग दुसरी. मोठी मायनं आपल्या ओटीत पाहिलं. सगळा एकच पांढरा ढीग. वैशालीनं येऊन माझा हात धरला होता आणि तिची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. त्या वावरातली सगळ्यात चतुर वेचणारी बाई आपल्या दोन्ही हातांकडे पाहत होती, जणू ते तिला आज कुणीतरी नव्यानं दाखवले होते.

"ठेव व माय," ती शेवटी म्हणाली. "सीतामायचं वावर हाय. तिनं दोन्ही हातानं देल्लं, दोन्ही हातानं घेईन."

तनूनं कापूस ठेवला. नंतर पळसाच्या पानांवर दहीभात वाढला गेला तेव्हा मोठी मायनं तनूचं पान स्वतः तिच्यापुढे मांडलं आणि "खाय," एवढंच म्हटलं. वैशालीचा हात सवयीनं त्या पानाकडे गेला. मोठी मायनं तो वाटेतच अडवला. डाव्या हातानं उचललेल्या पहिल्या घासातला निम्मा भात ओटीत पडला, पण तोंडात गेला त्याचं तनूनं तोंड उघडून सगळ्यांना दर्शन दिलं. मी मान वळवून पऱ्हाटीकडे पाहत बसले, कारण माझ्या कामात रडणं बसत नाही.

मोठी मायनं जाताना आपली अट घातलीच. "पन चमच्यानं जेवाले लावा तिले, मॅडम. मंग कोनाची हासाची हिंमत नाही." हार मानावी तर या बाईसारखी. जिंकल्यागत.

मग दिवाळीपर्यंत आम्ही फक्त एकच काम केलं: थाळी आणि चमचा. चमचा डाव्या हाताला दोन दिवसांत वश झाला, थाळीनं मात्र छळलं. दाब पडला की ती सरकत जायची, खिचडीसकट. ती भिरकावलेली पिशवी माझ्या कपाटात पडून होती. मी तिच्या शिवणी उसवल्या. उलट्या घातल्या असल्यानं पटापट निघाल्या. ते फुलाफुलांचं कापड ओलं करून थाळीखाली घातलं आणि तनूला म्हटलं, आता उजव्या मुठीनं कड दाब. थाळी जागची हलली नाही. मूठ पूर्ण उघडली नव्हती, आजही उघडलेली नाही. पण थाळी दाबून धरायला मूठ उघडावी लागत नाही.

आज तनू चौथीत आहे. बाजाराला येते ती आता माझ्याकडे कमी आणि जिलेबीकडे जास्त. डबा स्वतः उघडते, स्वेटरचं वरचं बटण अजून आईकडून लावून घेते आणि त्याबद्दल विचारलं तर "ते दिसत नाही मले," असं ठणकावते. तिच्या बाईंची एकच तक्रार असते, की खिचडी दुसऱ्यांदा मागते आणि गप्पा मारत सगळ्यात शेवटी उठते. अशी तक्रार मी दिवसभर ऐकू शकते.

पण आज बाभळीवरचा कापूस पाहून मला आठवला तो दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हाचा पहिला बाजार. वेचणी जोरात होती, तरी वैशाली आणि मोठी माय दोघीही आल्या होत्या, तनूला न घेता. मी घाबरून विचारलं, "तनू कुठे?"

"शाळेत," वैशाली म्हणाली.

तिनं पिशवीतून शाळेचा फ्रॉक काढला आणि माझ्यापुढे पसरला. छातीवर, मांडीवर, डाव्या बाहीवर, सगळीकडे खिचडीची पिवळी हळद वाळून बसली होती. एक शीत कॉलरला चिकटलेलं होतं. "पयल्या दिवशीचा हाय. धुतला नाही मॅडम, तुमाले दाखवायचा होता. टाकीच्या मागं नाही गेली. साऱ्या पोरांत बसून जेवली." मी फ्रॉकवरून हात फिरवला. अब्बूंनी नव्या रजईवरून फिरवावा तसा.

मोठी मायला आता राहवेना, तिनं वैशालीकडे बोट केलं. "अन् इची गंमत सांगतो तुमाले. त्या दिवशी दुपारी आमी वावरात शिदोरी सोडली. ही दरवर्षी पोरीले आधी भरवाची अन् मंग उरलंसुरलं गार खाची. त्या दिवशी पयल्यांदा आमच्यासंगं बसली. घड्याळ नाही, फोन नाही, पन शाळेकडं पाहून राह्यली अन् जेवून राह्यली. मी पाह्यलं तं भाकरीचे एवढे एवढे घास!" तिनं चिमूट करून दाखवली. "मी म्हटलं, काय व, चिमनीचे घास कायले खाऊन राह्यली? कोनाले भरवतं?"

"मंग?" मी विचारलं.

वैशाली फ्रॉकची घडी घालत होती. डाग आतल्या बाजूला जातील अशी जपून घालत होती. "हाताले तेवढाच घास येते, मॅडम," ती म्हणाली. "मोठा करून पाह्यला. आता मलेच मोठा घास शिकवा."